नात्यातील विवाह आणि मुलांचे आरोग्य

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत आपण चचाजाद, फूफीजाद, मामूजाद आणि खालाजाद हे शब्द नेहमी वापरतो. मराठीत त्यांना चुलत, आते, मामे आणि मावस भावंडे म्हणतात. आपल्याकडे अनेक घरांत अशा भावंडांचे आपसात विवाह होतात. महाराष्ट्रातील काही हिंदू समाजांतही मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा आहे. घराणे ओळखीचे असते आणि मुलगी आपल्याच माणसांत राहते, म्हणून वडीलधाऱ्यांना असे नाते पसंत पडते. परंतु अशा विवाहाचा पुढच्या पिढीच्या आरोग्याशी काय संबंध आहे, हेही जाणून घेतले पाहिजे.

आपल्या पेशींत जनुके असतात. शरीराची घडण जनुकांवर अवलंबून असते. बहुतेक जनुकांची जोडी असते. त्यांतील एक आईकडून व एक वडिलांकडून मिळते. काही आजारांत जोडीतले एक जनुक सदोष असले, तरी दुसरे काम सांभाळते. अशा माणसाला त्रास होत नाही. मात्र तो त्या दोषाचा 'वाहक' असतो.

समजा, एका आजोबांच्या जनुकात असा दोष आहे. तो त्यांच्या मुलाकडे व मुलीकडे आणि पुढे नातवंडांकडे जाऊ शकतो. मुलाचा मुलगा आणि मुलीची मुलगी यांचा विवाह झाला, तर दोघेही त्याच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. कारण अशा भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात.

थॅलेसेमिया हा असाच एक आजार आहे. त्यात शरीरात पुरेसे रक्त तयार होत नाही. गंभीर आजार असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्यामुळे शरीरात लोह साठते. ते काढण्यासाठी औषधेही घ्यावी लागतात. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगीच होतील, असे नाही. शक्यता दर वेळी तेवढीच असते.

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाची पुष्कळ कुटुंबे राहतात. तेथील अकरा हजारांहून अधिक बालकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जन्मजात व्यंगाचे प्रमाण शंभरात सुमारे तीन असते. चुलत-मामे भावंडांच्या विवाहात ते सुमारे सहा आढळले. गरिबी हे या फरकाचे कारण नव्हते.

याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. अशा विवाहांतील शंभरांपैकी सुमारे ९४ बालकांत असे व्यंग नव्हते. म्हणून कोणाच्या आईवडिलांना नावे ठेवू नका. आजारी मूल जन्मले की पुष्कळदा आईलाच बोल लावतात. हा अन्याय आहे. या आजारात सदोष जनुक दोघांकडूनही येते.

मग उपाय काय? साखरपुड्यापूर्वी, म्हणजे मंगनीपूर्वी, मुलाने व मुलीने थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्यावी. घराण्यात कोणाला जन्मजात आजार असेल, तर तो लपवू नये, डॉक्टरांना सांगावा. भारतात शंभरांपैकी सुमारे तीन-चार माणसे थॅलेसेमियाची वाहक असतात. म्हणून नात्याबाहेर लग्न करणाऱ्यांनीही ही तपासणी करावी. सौदी अरेबियात २००४ पासून विवाहापूर्वी ती सक्तीची आहे.

मित्रांनो, आपण लग्नात कपडे, दागिने आणि दावतीचा महिनोन् महिने विचार करतो. थोडा विचार जन्माला येणाऱ्या बाळाचाही करू या. ही गोष्ट आज घरी अम्मी-अब्बांना अवश्य सांगा.

शब्दार्थ
सदोष – दोष असलेले
वाहक – दोष पुढे नेणारा
व्यंग – शरीरातील उणीव
बोल लावणे – दोष देणे

स्वाध्याय
१. वाहक कोणाला म्हणतात?
२. आजारी मुलासाठी केवळ आईला दोष देणे अन्याय का आहे?
३. 'नावे ठेवणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या नात्यातील पाच व्यक्तींची नाती उर्दूत व मराठीत लिहा.