केसांचा गुंता

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या रानांत एक काटेरी वेल मोठमोठ्या वृक्षांच्या आधाराने वर चढत गेलेली दिसते. तिच्या आकडेदार काट्यांत पदर अडकला म्हणजे तो सोडविताना चांगलाच वेळ मोडतो. जिच्या अंगी वस्त्र गुंतविण्याचा हा गुण, तिच्याच शेंगा माणसाच्या केसांचा गुंता सोडविण्याच्या कामी येतात, ही मोठी गमतीची गोष्ट होय. ही वेल शिकेकाईची. वाळून तपकिरी व सुरकुतलेल्या झालेल्या तिच्या शेंगा सातारा, कऱ्हाड, सांगली येथील काष्ठौषधींच्या दुकानांत रिठे, आवळकाठी व नागरमोथा यांच्या शेजारी मांडलेल्या असतात.

केसांना गुंता का पडतो, हे कळण्यासाठी केसाची घडण पाहिली पाहिजे. केस हा केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे. नखे, शिंगे व पक्ष्यांची पिसे यांतही याच जातीचे द्रव्य असते. माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात आणि प्रत्येक केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. केसाच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले अतिसूक्ष्म खवले असतात. केस ज्या कूपातून उगवतो, त्या कूपाच्या घडणीवर केसाचे वळण अवलंबून असते. सरळ केसावरून टाळूवरचे तेल सहज खाली ओघळते. कुरळ्या केसावर त्याला वळणावळणाची वाट चालावी लागते व ते टोकापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे कुरळा केस रुक्ष राहतो, त्याचे खवले उभे राहतात आणि एका केसाचे वळण दुसऱ्याच्या वळणात अडकते. वेणी घालताना कुरळ्या केसांच्या मुलीच्या डोळ्यांना पाणी येते, ते काही तिच्या हट्टीपणामुळे नव्हे.

यात पाण्याचाही वाटा असतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत हे तालुकेही असेच अवर्षणाचे. अशा मुलखात पाणी जपूनच वापरावे लागते, आणि खोल विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. म्हणजे त्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. जड पाण्यात साबण फेसाळत नाही. क्षारांशी संयोग होऊन त्याचा चिकट साका बनतो आणि तो केसांवर बसतो. शिकेकाई व रिठा यांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांचाही फेस होतो व मळ सुटतो, परंतु जड पाण्यात त्यांचा साका बनत नाही. रसायनशास्त्राचे नावही न ऐकलेल्या आज्यांनी शिकेकाई सोडली नाही, याचे एक कारण हे असावे.

शिकेकाईने न्हाण्याची रीत साधी आहे. शेंगा, बिया काढलेली रिठ्याची टरफले व आवळकाठी रात्री पाण्यात भिजत घालावयाची, सकाळी उकळावयाची आणि ते पाणी फडक्यातून गाळून कोमट असताना केसांवर चोळावयाचे. हे पाणी डोळ्यांत गेले तर अशी आग होते की, रविवारच्या न्हाणाच्या आठवणीने पुष्कळ मोठी माणसेही अद्याप डोळे मिटून घेतात! तेव्हा मान मागे करून न्हावे, हे उत्तम. न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावले, तर केस कमी झिजतात.

कुरळ्या केसांस याहून आणखी एका गुणाची आवश्यकता असते. तो गुण म्हणजे बुळबुळीतपणा. जास्वंदीची पाने पाण्यात चुरगळली, किंवा मेथीचे दाणे रात्रभर भिजवून वाटले, की दाट व निसरडा लगदा तयार होतो. तो केसांना चोळला म्हणजे केसावरून केस घसरू लागतो आणि एरवी तुटली असती अशी गाठ हलकेच सुटते. मात्र फणी मुळापासून खाली ओढू नये. विरळ दातांचा कंगवा घेऊन प्रथम टोके मोकळी करावी आणि मग चार चार बोटे वर सरकत जावे.

मेंदीविषयी लोकांच्या कल्पना वास्तवाहून फार मोठ्या आहेत. तिच्या पाल्यात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते केरॅटिनाला घट्ट धरून बसते. म्हणूनच तळहातावरची मेंदी काही दिवसांत जाते, तर नखावरची नख वाढून कापले जाईपर्यंत राहते. पांढरा केस मेंदीने तांबूस होतो. परंतु मेंदीने टकलावर केस उगवत नाहीत, आणि कूपाची घडण पाल्याच्या लेपाने बदलत नाही. मेंदीने केस काहीसे कोरडे पडतात, यास्तव कुरळ्या केसांच्या माणसाने ती धुतल्यावर तेल लावण्यास विसरू नये. शुद्ध मेंदी काळी रंगत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत पुष्कळदा पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन असते व त्याने काही जणांच्या कातडीवर फोड येतात. हिरव्या पुडीवर झाडाचे चित्र असले म्हणजे आत झाडच असते, असे नाही.

या सर्व वनस्पतींचा उपयोग गुंता सुटण्याजोगा असेपर्यंतच होतो. लोकर भिजवून दाबली असता तिचे खवले एकमेकांत रुततात व बुरणूस तयार होतो. मग त्यातला एकही धागा वेगळा काढता येत नाही. माणसाच्या केसांचेही असेच होऊ शकते. दीर्घ आजारात किंवा बाळंतपणात केस विंचरले गेले नाहीत, तेल, घाम व धूळ साचत गेली, उवा झाल्या, तर मानेजवळ एक गाठ बनते व ती वाढत जाते. हीच जट.

येथपर्यंत ही केवळ अस्वच्छतेची गोष्ट असते. परंतु सातारा, सांगली, कोल्हापूर व सीमेपलीकडील कर्नाटकाच्या भागात जट म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीची आज्ञा, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. मग तीत फणी घालावयाची नाही. उलट भंडारा भरावयाचा. तेल व हळद यांच्या थरांनी ती अधिकच आवळते. जट कापली तर घरावर संकट येईल, या धाकाने स्त्रिया वर्षानुवर्षे ते ओझे वागवीत. मान दुखे, टाळूला जखमा होत, रात्री कुशीवर वळता येत नसे. एखाद्या लहान मुलीला जट आली, तर कित्येकदा तिला देवीला सोडीत. जिने शाळेत जावयाचे, तिच्या हाती पर्डी येई व ती जोगतीण म्हणून दारोदार जोगवा मागे. मुलींना देवाला वाहण्यास मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि महाराष्ट्रात नव्याने २००५ सालच्या कायद्याने बंदी झाली. तथापि टाळूवरची गाठ कायद्याने सुटत नाही.

हा भ्रम आपल्याकडेच होता असे नव्हे. पोलंड देशात जट इतकी आढळे की, वैद्यकात तिला त्या देशाचेच नाव पडले. शरीरातला रोग जटेत उतरतो व ती कापली तर तो परत आत शिरतो, असे तेथील खेडूत मानीत. क्राकोव येथील वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ दीट्ल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या समजुतीविरुद्ध मोहीम चालविली. पुढे १८६६ साली ते त्या शहराचे नगराध्यक्ष झाले.

महाराष्ट्रात हे काम अंगावर घेतले ते महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने. १९८९ साली तिची स्थापना करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर सातारचे. तिचे वार्तापत्र सांगलीहून निघत आले आहे. कार्यकर्ते जट असलेल्या बाईच्या घरी जातात, ते कात्री उगारून नव्हे. कित्येकदा पुनःपुन्हा खेपा घालाव्या लागतात. “काही बरेवाईट झाले तर कोण जबाबदार?” हा घरच्यांचा प्रश्न ठरलेला. त्यावर ज्यांची जट निघाली व ज्यांना काहीही झाले नाही, अशा स्त्रियांचा दाखला जितका पटतो, तितके शंभर व्याख्यानांनीही पटत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. जटा काढण्याचे काम मात्र चालूच राहिले.

जट निघाल्यावर डोके हलके झाल्याने बाई पुनःपुन्हा मानेवरून हात फिरविते. टाळूच्या जखमांवर डॉक्टरांकडून औषध घ्यावे लागते. त्या भरून येईपर्यंत शिकेकाई किंवा मेंदी काहीच लावावयाचे नसते. मग नवे केस येऊ लागतात. वर्षभरात ते १२ सेंटिमीटर होतात, आणि सरळ असले तर कानांखाली उतरतात. कुरळे असले तर न्हाल्यावर ओले असेपर्यंत कानांखाली दिसतात, आणि वाळले की पुन्हा वर सरकून बसतात.