शाळेची हद्द : पटाचा समतोल आणि समाजाचा समतोल

कोणत्या वस्तीतील मुलांनी कोणत्या शाळेत जावे हे ठरविणारी रेषा नकाशावर आखणे, हे वरवर पाहता निव्वळ मोजणीचे काम वाटते. एका शाळेत वर्गखोल्या अपुऱ्या पडतात, शेजारच्या शाळेत बाके रिकामी राहतात. अशा वेळी हद्द थोडी सरकविली की प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु जेथे वस्त्याच उत्पन्नानुसार किंवा वंशानुसार विभागलेल्या असतात, तेथे ही रेषा वस्तीतील भेद शाळेच्या वर्गात आणून सोडते. अमेरिकेत सरकारी शाळेतील प्रवेश बहुधा राहत्या घराच्या पत्त्यावरून ठरत असल्यामुळे या प्रश्नाचा तेथील अनुभव दीर्घ आहे. त्यांपैकी उत्तर कॅरोलायना राज्यातील दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत.

शार्लटचा धडा

वंशानुसार वेगळ्या ठेवलेल्या सरकारी शाळा घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ब्राऊन खटल्यात दिला. तरीही १९६८-६९ या वर्षी शार्लट-मेक्लेनबर्ग शाळामंडळाच्या १०७ शाळांतील चित्र फारसे पालटलेले नव्हते. शार्लट शहरातील शाळांत सुमारे २१,००० कृष्णवर्णीय मुले शिकत होती आणि त्यांपैकी सुमारे १४,००० मुले अवघ्या २१ शाळांत एकवटली होती. या शाळांत इतर मुले जवळजवळ नव्हतीच. मज्जाव करणारा कायदा उरला नव्हता. पण विभागलेल्या वस्त्या आणि त्यांना अनुसरून आखलेल्या हद्दी यांनी तेच कार्य चालू ठेवले होते.

स्वान खटल्यात २० एप्रिल १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला. पूर्वीच्या सक्तीच्या विभागणीचे परिणाम दूर करण्यासाठी हद्दी नव्याने आखणे, परस्परांस लागून नसलेल्या वस्त्या एकाच शाळेस जोडणे आणि मुलांची बसगाड्यांतून ने-आण करणे हे उपाय न्यायालयाने ग्राह्य मानले. मात्र १९७४ साली डेट्रॉइटच्या प्रकरणात, उपनगरांतील स्वतंत्र शाळामंडळांचा दोष सिद्ध झाल्याखेरीज शहराबाहेरील शाळा अशा योजनेत गोवता येणार नाहीत, असे त्याच न्यायालयाने ठरविले. याचा अर्थ असा की, शाळामंडळाची बाहेरची सीमा जेथे संपते तेथे आतील हद्दी बदलण्याचे सामर्थ्यही संपते.

वेक जिल्ह्याचा प्रयोग

या दृष्टीने वेक जिल्ह्याची स्थिती अनुकूल होती. १९७६ साली रॅले शहराच्या शाळा आणि भोवतालच्या जिल्ह्याच्या शाळा एका मंडळाखाली आल्या होत्या. १९८२ पासून शहराच्या मध्यभागातील अनेक शाळांत विशेष अभ्यासक्रम सुरू करून उपनगरांतील मुलांना तेथे स्वेच्छेने येण्यास प्रवृत्त करण्यात आले. पुढे २००० साली मंडळाने वंशाऐवजी आर्थिक स्थिती व अध्ययनाची पातळी हे निकष स्वीकारले. कोणत्याही शाळेत मोफत अथवा सवलतीच्या दरातील भोजनास पात्र मुले ४० टक्क्यांहून अधिक नसावीत आणि इयत्तेच्या अपेक्षित पातळीखाली असलेली मुले २५ टक्क्यांहून अधिक नसावीत, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकेका मुलाचा प्रवेश त्याच्या वंशावरून ठरविण्याच्या सिअॅटल व लुइव्हिल येथील योजना रद्द केल्या. त्यानंतर आर्थिक निकषाचे महत्त्व अधिकच वाढले.

दोन वेगळी गणिते

हद्द बदलताना कोणता प्रमाद घडू शकतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. पूर्व व पश्चिम अशा दोन शाळांची क्षमता प्रत्येकी ६०० आहे. पूर्व शाळेचा पट ७२० असून त्यांत सवलतीच्या भोजनास पात्र मुले १४४, म्हणजे २० टक्के आहेत. पश्चिम शाळेचा पट ४०० असून त्यांत अशी मुले २८०, म्हणजे ७० टक्के आहेत. पूर्वेकडून पश्चिमेकडे १५० मुले हलविली की पट अनुक्रमे ५७० व ५५० होतो आणि गर्दीचा प्रश्न मिटतो.

पण ही १५० मुले कोणत्या वस्तीतील? सुस्थित वस्ती निवडली आणि त्यांत पात्र मुले १५ असली, तर पूर्व शाळेतील प्रमाण सुमारे २३ टक्के व पश्चिमेतील सुमारे ५४ टक्के होते. याउलट गरीब वस्ती निवडली आणि त्यांत पात्र मुले १०५ असली, तर पूर्वेतील प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवर येते व पश्चिमेतील ७० टक्केच राहते. पटाचे उत्तर दोन्ही वेळा एकच आहे. समाजाचे उत्तर मात्र अगदी भिन्न आहे. बहुधा दुसराच मार्ग सोपा ठरतो, कारण गरीब वस्तीतील पालकांचा आक्षेप मंडळाच्या सभेपर्यंत क्वचितच पोहोचतो.

स्थैर्याचा प्रश्न

वेक जिल्ह्याची लोकसंख्या वेगाने वाढत होती. नव्या शाळा उघडत गेल्या, तसतशा हद्दी वारंवार बदलाव्या लागल्या आणि मुलांना एका शाळेतून दुसरीकडे जावे लागले. घराजवळची शाळा हवी, या मागणीस त्यामुळे बळ मिळाले. २००९ च्या निवडणुकीत मंडळातील बहुमत पालटले व २०१० मध्ये हे धोरण रद्द झाले. २०११ च्या निवडणुकीत बहुमत पुन्हा पालटले. उद्दिष्ट कितीही इष्ट असले, तरी आपले मूल पुढील वर्षी कोठे शिकेल याची शाश्वती पालकांना नसेल, तर त्या उद्दिष्टास लोकांचा आधार टिकत नाही, हा या अनुभवाचा निष्कर्ष होय.

आपल्याकडील संदर्भ

भारतात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) परिसरशाळेची शिफारस केली. जात, धर्म, आर्थिक स्थिती यांचा विचार न करता परिसरातील सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकावे, हा तिचा हेतू होता. वेक जिल्ह्यात ‘घराजवळची शाळा’ ही घोषणा मिश्रणाच्या धोरणाविरुद्ध उभी राहिली. कोठारी आयोगाने तीच कल्पना मिश्रणाचे साधन म्हणून मांडली. परिसर मिश्र असेल तर परिसरशाळा मिश्र होते, एरवी नाही. शिवाय फी भरू शकणारे पालक खाजगी शाळेकडे वळले, तर सरकारी शाळेची हद्द त्यांना लागूच होत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत पहिलीच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखण्याची तरतूद केली, तिचे मर्म येथे आहे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या क्षेत्रातील लगतच्या दोन शाळांचा पट व क्षमता यांचे कोष्टक करा. त्यांतील मुलांची आर्थिक स्थिती समान आहे काय?

२. हद्द बदलल्यास कोणत्या वस्तीतील मुलांचे अंतर वाढेल, आणि त्या वस्तीचे म्हणणे कोणी ऐकून घेतले आहे काय?

३. आधीच दाखल झालेल्या मुलांना त्याच शाळेत राहू द्यावे काय? दिल्यास समतोल साधण्यास किती वर्षे लागतील?