रुग्ण बालकाच्या उशाशी

भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. यांपैकी ज्ञानी त्यांना विशेष प्रिय आहे हे खरे. तथापि चौघांनाही त्यांनी ‘उदार’ म्हटले आहे, आणि गणनेत पहिले नाव आर्ताचे घेतले आहे. आर्ताचे उदाहरण म्हणून टीकाकार गजेंद्राकडे किंवा कौरवसभेतील द्रौपदीकडे बोट दाखवितात. परंतु आर्तता पाहावयाची असेल तर पुराणापर्यंत जाण्याचे कारण नाही. वैद्यांनी हात टेकले आहेत, मूल अंथरुणाला खिळले आहे, आणि आईबाप त्याच्या उशाशी बसून देवाचे नाव घेत आहेत, हे दृश्य कोणत्याही गावात, कोणत्याही आळीत आढळते. अशा घरातील श्रद्धेचे स्वरूप काय असावे आणि गीता त्या घराला नेमके काय देते, हा या लेखाचा विषय आहे.

लखनौ शहरात गोमतीच्या उत्तरेस महानगर नावाची वसाहत आहे. तिला लागूनच अलीगंज. तेथील जुन्या हनुमान मंदिराच्या शिखरावर चंद्रकोर आहे, आणि तिच्याविषयी अवधमध्ये एक आख्यायिका सांगतात. नवाबाच्या घराण्यातील एक मूल असाध्य आजाराने पडले. हकिमांचे उपाय खुंटले. तेव्हा त्याची आई, धर्माने मुसलमान असूनही, या मारुतीला शरण गेली. मूल बरे झाले, आणि नवाबाच्या घराण्याने मंदिराचा जीर्णोद्धार केला. नावे व तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, म्हणून ही कथा इतिहास म्हणून नव्हे, लोकस्मृती म्हणूनच घ्यावी. ज्येष्ठातील प्रत्येक मंगळवारी लखनौत ‘बडा मंगल’ पाळतात. चौकाचौकांत पाणी, सरबत आणि प्रसाद वाटतात, आणि ते वाटणाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक असतात. (तिकडचा महिना पौर्णिमान्त असल्यामुळे हा ज्येष्ठ आपल्याकडील ज्येष्ठाच्या पंधरा दिवस आधी लागतो.)

कथा गोड आहे. पण त्याच रात्री त्याच शहरात आणखी कितीतरी माता आपापल्या देवापुढे बसल्या असतील, आणि त्यांची मुले वाचली नसतील. त्यांची आख्यायिका होत नाही. त्यांच्या नावाने शिखरावर काही चढत नाही. जी श्रद्धा केवळ वाचलेल्या मुलांच्या कथांवर पोसलेली असते ती या मातांना काय सांगणार? त्यांची भक्ती उणी होती, असे? असे म्हणणारे लोक आहेत, आणि ते स्वतःला धार्मिक समजतात.

या प्रश्नाचा विचार महाभारताने फार खोलवर केला आहे. शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला गिधाड आणि कोल्हा यांचा संवाद सांगितला आहे. प्रचलित पाठात ही घटना नैमिषारण्यात घडल्याचे म्हटले आहे, आणि आजचे नैमिषारण्य लखनौपासून सुमारे ९० किलोमीटरवर, सीतापूर जिल्ह्यात आहे. एका ब्राह्मणाला मोठ्या कष्टाने झालेला विशालनेत्र मुलगा बालग्रहाच्या पीडेने दगावला. आप्तजन त्याला घेऊन स्मशानात आले, पण त्यांच्याने त्याला खाली ठेववेना. तेव्हा एक गिधाड म्हणाले : कालापुढे कोणाचे चालत नाही, मेलेला कोणी परत आलेला नाही, सूर्य अस्ताला जात आहे, मोह सोडा आणि घरी जा. लोक निघाले, तोच बिळातून कोल्हा बाहेर आला आणि म्हणाला : केवढे तुम्ही निर्दय! अजून सूर्य आहे. कोण जाणे, मूल उठेलही. स्नेह असा कसा तुटला? लोक परतले. पुन्हा गिधाडाने वैराग्य सांगितले, पुन्हा कोल्ह्याने आशा सांगितली. दोघांचेही बोलणे शास्त्राला धरून आहे. गिधाडाची वाक्ये तर एखाद्या प्रवचनात शोभावीत अशी आहेत. आणि इतके झाल्यावर महाभारतकार शांतपणे सांगतात की दोघेही भुकेले होते. गिधाडाला प्रेत दिवस मावळण्यापूर्वी हवे होते. कोल्ह्याला अंधार पडल्यावर हवे होते.

आजाऱ्याच्या घरी येणाऱ्या उपदेशकांचे याहून स्पष्ट चित्र क्वचितच आढळेल. एकजण येतो आणि म्हणतो, सारे प्रारब्ध आहे, पैसा कशाला घालवता, घरी न्या. दुसरा येतो आणि नवा मांत्रिक, नवे अनुष्ठान, हमखास गुण येणारे नवे औषध सुचवितो. पहिला वैराग्याच्या भाषेत बोलतो, दुसरा श्रद्धेच्या. त्यांचा शब्द खोटा असेलच असे नाही. परंतु त्या शब्दाने कोणाचे पोट भरते, हे ऐकणाऱ्याने पाहावयास हवे. कधी ते पोट पैशाचे असते. पुष्कळदा ते केवळ आपले ज्ञान मिरविण्याचे असते.

कथेच्या शेवटी पार्वतीच्या प्रेरणेने शंकर प्रकट होतात आणि बालकाला शंभर वर्षांचे आयुष्य देतात. येथे एक गोष्ट सहज निसटते. शंकरांनी गिधाडाची आणि कोल्ह्याची भूकही शमविली. आणि वर मिळाला तो गिधाडाचे ऐकल्याने नव्हे, कोल्ह्याचे ऐकल्यानेही नव्हे. दोघांच्या बोलण्यात फरफटत असताही मुलाला सोडून न गेलेल्या दीन माणसांवर ती कृपा झाली. प्रत्येक घरी शंकर असे प्रकट होत नाहीत, हे महाभारतकारांना ठाऊक होते. ज्याला ही कथा सांगितली त्या युधिष्ठिराच्या घरचे अभिमन्यू आणि द्रौपदीचे पाचही पुत्र परत आले नव्हते.

अलीकडच्या काळातील एक प्रसंग पाहू. १९०२ साली मोहनदास गांधी मुंबईत गिरगावात राहत असताना त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल, वय सुमारे दहा, विषमज्वराने आजारी पडला. त्यात फुप्फुसांचा दाह आणि वात. पारशी डॉक्टरांनी सांगितले की औषधाचा उपयोग थोडा, अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यावा. घर शाकाहारी. गांधींनी मुलालाच विचारले, आणि त्याने नकार दिल्यावर जलोपचार आरंभिले : थोड्या मिनिटांचे कटिस्नान, पाणी घातलेला संत्र्याचा रस. ज्वर १०४ अंशांवर गेला. त्या रात्री बापाच्या मनात काय चालले होते ते त्यांनी आत्मकथेत लपविलेले नाही. आपल्या मतांचा प्रयोग मुलावर करण्याचा आईबापांना काय अधिकार, लोक काय म्हणतील, थोरला भाऊ काय म्हणेल, असे प्रश्न त्यांना छळत होते. शेवटी ओल्या चादरीत मुलाला गुंडाळून, आईजवळ सोपवून ते चौपाटीवर गेले आणि रामनाम घेत फिरत राहिले. परत आले तेव्हा मुलाला घाम फुटला होता. पुढे चाळीस दिवस पाणी घातलेले दूध आणि फळांचा रस यांवर तो राहिला. मणिलाल १९५६ पर्यंत जगले आणि दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’ त्यांनी अनेक वर्षे चालविले.

या प्रसंगाचे अनुकरण मात्र कोणी करू नये, हे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. १९०२ मध्ये विषमज्वरावर गुणकारी औषध जगात नव्हते. १९४८ नंतर ते मिळाले. आज ते औषध नाकारून मुलाला ओल्या चादरीत गुंडाळणे ही श्रद्धा नव्हे. गांधींची श्रद्धा दिसते ती जलोपचारात नाही. मुलाची नाडी आणि छाती तपासत राहण्याची विनंती त्यांनी त्याच डॉक्टरांना केली होती. मुलाचे मत त्यांनी घेतले होते. आणि मूल बरे झाल्यावरही, हे देवाच्या कृपेने घडले की उपचाराने की शुश्रूषेने, याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे करावा असे त्यांनी लिहिले. स्वतःपुरते मात्र, आपली लाज ईश्वराने राखली, याविषयी त्यांना संशय नव्हता. यशानंतरची ही नम्रता सतराव्या अध्यायातील सात्त्विक श्रद्धेच्या जवळची आहे.

ज्या घरी मूल वाचले नाही त्या घराकडे आता वळू. लखनौत रमाबाई आंबेडकरांच्या नावाचे विस्तीर्ण मैदान आहे. तेथे जमणाऱ्या लाखोंपैकी कितीजणांना ठाऊक असेल की या माउलीने आपली चार मुले गमावली होती. तीन मुलगे आणि एक मुलगी गेली. एकटे यशवंत जगले. सर्वांत धाकटा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात, या आघाताने संसाराची गोडीच नाहीशी झाली, अशा अर्थाचे उद्गार आहेत. इतका खंबीर पुरुष, पण तेथे त्याने धैर्याचा आव आणलेला नाही. रमाबाई उपासतापास करणाऱ्या, देवभोळ्या. त्यांना पंढरपूरला जावयाचे होते. चरित्रकार धनंजय कीर लिहितात की त्या काळी अस्पृश्यांना विठ्ठलाचे दर्शन दुरूनच घ्यावे लागे, म्हणून पतीने त्यांना समजावले : भक्तांना दूर ठेवणाऱ्या त्या पंढरपुराची काय मातबरी, आपण सेवेने दुसरे पंढरपूर निर्माण करू. रमाबाई २७ मे १९३५ रोजी वारल्या. विठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच साने गुरुजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने लिहून घेतली होती. आर्ताला भगवंतांनी पहिले स्थान दिले आणि समाजाने चार मुले पुरलेल्या आईला महाद्वाराबाहेर उभे केले. गीतेचे अध्ययन करणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

अशा घरांवर आणखी एक आघात होतो, आणि तो शास्त्राच्या नावाने. ‘पूर्वजन्मीचे पाप’ हे शब्द आईच्या कानावर पडतातच. कर्मविपाक हा आपल्या दर्शनाचा सिद्धांत आहे, यात शंका नाही. परंतु कर्माची गती गहन आहे, असे चौथ्या अध्यायात स्वतः भगवंतांनी म्हटले आहे. जी गती गहन आहे ती शेजाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळावी हे आश्चर्यच म्हणावयाचे. कर्मसिद्धांत स्वतःच्या आचरणाच्या शोधनासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर निकाल देण्यासाठी नाही.

गिधाडाचे आणि कोल्ह्याचे बोलणे आज रुग्णालयाच्या दारातही ऐकू येते, म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग १९४८ पूर्वी म्हणजे अटळ मरण होते. त्या वर्षी बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी औषधाने काही मुलांचा आजार तात्पुरता ओसरल्याचे प्रसिद्ध केले, आणि आज त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारात सुसज्ज केंद्रांतील बहुसंख्य मुले बरी होतात. म्हणून नाव ऐकताच ‘घरी न्या’ म्हणणारा चुकतो, आणि उपचार अर्धे टाकून नवसामागे धावविणाराही चुकतो. नवस बोलावा, औषधाची वेळ चुकवू नये.

दुसरी गोष्ट, आजार खरोखरच हाताबाहेर गेल्यानंतरची. मुलाच्या वेदना ‘भोग भोगून संपवावे’ म्हणून तशाच राहू देणारी घरे आहेत. सतराव्या अध्यायात शरीराला आणि शरीरस्थ परमेश्वरालाही कष्टविणाऱ्या तपाला भगवंतांनी आसुरी म्हटले आहे. आणि ते कष्ट तर माणूस स्वतःहून ओढवून घेतो, मुलाने ते मागितलेलेही नसतात. वेदना शमविणारे मॉर्फिन १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे आपल्या देशात रुग्णांना दुर्मीळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली. मरणाच्या वाटेवरील मुलांसाठी स्वतंत्र शुश्रूषागृह १९८२ मध्ये ऑक्सफर्डला निघाले आणि मग अन्यत्र. बरे करणे शक्य नसताही करण्यासारखे पुष्कळ उरते : वेदना शमविणे, तोंड ओले करणे, त्याच्या आवडीची गोष्ट सांगणे, तो विचारील त्याला खरे उत्तर देणे. फलाची आशा संपल्यावरही जे कर्म प्रेमाने चालू राहते ते निष्काम कर्म, अशी व्याख्या ग्रंथात शेकडो वेळा वाचली जाते. त्या खोलीत ते कर्म चालू असते, आणि करणाऱ्या आईने गीता वाचलेलीही नसते.

राहिला शोक. ‘गीता वाचता आणि रडता?’ असा प्रश्न काही सज्जन करतात. त्यांनी द्रोणपर्व उघडावे. युद्धाच्या पहिल्या दिवशी ज्याने प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून गीता ऐकली तो अर्जुन तेराव्या दिवशी अभिमन्यूसाठी ढसाढसा रडला. आणि सांगितलेली गीता विसरलास काय, असे श्रीकृष्णांनी त्याला विचारले नाही. शूरांचा हाच मार्ग आहे असे म्हणून त्यांनी त्याला सावरले, आणि भोवती दीन होऊन बसलेल्या भावांकडे लक्ष वेधले : तू असा शोकात बुडाल्याने हे खचले आहेत, यांना धीर दे. आजारी मुलाच्या घरातही अशी भावंडे असतात. पंधरा-पंधरा दिवस त्यांच्याशी कोणी धड बोललेले नसते.

पुढे श्रीकृष्ण सुभद्रेकडे गेले. ती त्यांची बहीण, अभिमन्यू त्यांचा भाचा. तिचा विलाप महाभारतकारांनी विस्ताराने दिला आहे; तो संपेपर्यंत भगवंत मध्ये बोलत नाहीत. मग द्रौपदी आणि उत्तरा आल्या, आणि तिघी रडून रडून मूर्च्छित झाल्या. तेथे व्यासांनी श्रीकृष्णांसाठी जे विशेषण योजले आहे त्याचा अर्थ ‘अत्यंत दुःखी’ असा होतो. गीतेचा वक्ता स्वतः अत्यंत दुःखी आहे. तो सुभद्रेवर पाणी शिंपडतो, हिताचे चार शब्द बोलतो, आणि द्रौपदीला म्हणतो की तू आता उत्तरेला सांभाळ.