पाटाच्या कडेने सायकल



वस्तीत बीपी आणि शुगर तपासायला बसलो की आम्ही प्रत्येकाला विचारतो, रोज काही व्यायाम होतो का? उत्तर ठरलेले असते. पुरुष म्हणतात, "आठ तास मशीनवर उभे असतो, तोच व्यायाम." बाया म्हणतात, "घरकाम काय कमी आहे का, ताई?" कष्ट तर आहेतच. पण एका जागी उभे राहून पाय सुजतात, कंबर दुखते. हृदयाला आणि फुप्फुसाला हवा तो व्यायाम त्यातून मिळत नाही. त्यासाठी श्वास थोडा वाढला पाहिजे, अंगाला घाम आला पाहिजे आणि हे सलग काही मिनिटे चालले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे असा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास.

यासाठी जिमची फी भरायला नको. आपल्या पुष्कळ घरांत एक जुनी सायकल भिंतीला टेकून पडलेली असते. सातपूरच्या कारखान्यांत आपल्या वडीलधाऱ्यांनी याच सायकलवर पाळ्या केल्या. पुढे हप्त्यावर मोटारसायकल आली आणि सायकल म्हणजे गरिबी असे आपणच ठरवून टाकले. दुसरे कारण जास्त खरे आहे. त्र्यंबक रोडवर आणि एमआयडीसीच्या रस्त्यांवर ट्रक, टेम्पो, बस यांच्या गर्दीत सायकल घालायची भीती वाटते. ती भीती वाजवी आहे. म्हणून आज आम्ही अशा रस्त्याबद्दल सांगणार आहोत जेथे चढ नाही आणि ट्रकही नाही.

पाटाची वाट सपाट का?

गंगापूर धरणातून निघणारा डावा कालवा, म्हणजे आपल्या बोलीत पाट, गोदावरीच्या उत्तर अंगाने मखमलाबाद शिवारातून पुढे निफाड तालुक्याकडे जातो. पाण्याला पंप न लावता वाहायचे असते, म्हणून कालवा डोंगर-टेकड्या टाळून, जमिनीची एकच पातळी धरून वळणे घेत जातो. मातीच्या मोठ्या कालव्याला उतार फार बेताचा असतो, किलोमीटरला साधारण वीत-दोन वीत. कालव्याच्या कडेला भरावावरून पाटकरी आणि कालव्याचे अधिकारी यांना फिरण्यासाठी वाट ठेवलेली असते. ती वाटही कालव्याइतकीच सपाट असते. म्हणून नवख्या माणसाला, गुडघेदुखीच्या बाईला, चाळिशीनंतर पहिल्यांदा पॅडल मारणाऱ्याला तेथे दम लागत नाही.

सातपूरहून आनंदवली, तेथून गोदावरीचा पूल ओलांडून चांदशी आणि पुढे मखमलाबाद शिवार असे जाता येते. पुलापर्यंत वाहने आहेतच. म्हणून पहाट सरून उजाडले की निघावे आणि गंगापूर रोड ओलांडताना सायकलवरून उतरून चालत जावे. पहिल्यांदा जाणाऱ्या दोघा-तिघांनी वाट बघून यावी. कोठे रस्ता चांगला आहे, कोठे काटे किंवा खड्डे आहेत, हे पाटकऱ्याला आणि शेतकऱ्यांना विचारावे. वाट जलसंपदा विभागाची आणि बाजूची शेते कष्टकऱ्यांची आहेत, म्हणून द्राक्षाच्या घडाला हात लावू नये आणि कचरा टाकू नये.

शरीरात काय होते?

पाय फिरू लागले की मांडीचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. या वेळी त्यांना इन्सुलिनची गरज कमी पडते. सायकल थांबल्यावरही काही तास हा फायदा राहतो. म्हणून एक दिवस खूप आणि सहा दिवस शून्य, यापेक्षा एक दिवसाआड थोडे-थोडे चांगले. नियमित व्यायामाने बीपी उतरायला मदत होते आणि झोप चांगली लागते. सायकलवर अंगाचे बरेचसे वजन सीटवर असते, त्यामुळे गुडघ्यावर चालण्यापेक्षा कमी भार येतो. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. डोस कमी करायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

सुरुवात अशी करा

पहिल्या आठवड्यात फक्त १० मिनिटे चालवा. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा. वेग किती, याची सोपी खूण म्हणजे सोबतच्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलतानाच दम लागत असेल तर वेग कमी करा.

सीटची उंची बघा. पॅडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हावा. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात. दोन्ही ब्रेक, टायरची हवा आणि घंटी निघण्यापूर्वी तपासा. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्या. चेनमध्ये अडकून वाईट अपघात होतात.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

बीपी १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल, चालताना छातीत दुखत असेल, हृदयाचा आजार असेल, तर आधी तपासणी करा. गरोदरपणात नव्याने सायकल शिकू नका, पडण्याचा धोका असतो.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोके हलके झाले तर थांबून तीन चमचे साखर खावी आणि १५ मिनिटे बसावे. बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी. बरे वाटल्यावर काहीतरी खाऊनच घरी निघावे. मधुमेहात पायाची बधिरता येते, म्हणून चपलेऐवजी बूट घाला आणि घरी आल्यावर तळपाय बघा. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली तर १०८ ला फोन करा.

पाटावरचे धोके

पाटाचे पाणी शांत दिसते, पण अस्तर केलेले काठ शेवाळाने निसरडे असतात. एकदा घसरले की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. आवर्तन सुटलेले असताना ओढ मोठी असते. म्हणून पाय धुवायला, मोबाइलवर फोटो काढायला काठावर उतरू नका. सायकल पाण्यापासून दूरच्या बाजूने चालवा आणि लहान मुलांना एकटे सोडू नका. कोणी पडले तर मागून उडी मारू नका. साडी, ओढणी, दोर किंवा सायकलची ट्यूब फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटे टांगू नका. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबणे सुरू करा आणि १०८ ला कळवा.

द्राक्षबागेत फवारणी चालू असेल तर वास येताच मागे फिरा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या वारंवार होतात. उसाच्या आणि नदीकाठच्या भागात बिबट्याचा वावर असतो, म्हणून अंधारात जाऊ नका आणि गटाने जा. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटते व भराव घसरतो. ते चार महिने पाटावर जाऊ नये.

वाट मागावी लागते

नाशिकचे दोन डॉक्टर भाऊ, हितेंद्र आणि महेंद्र महाजन, २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण करून आले. आपल्या शहराला त्याचा अभिमान आहे. पण पाळीला सायकलवर जाणाऱ्या कामगाराला एमआयडीसीच्या रस्त्यावर सुरक्षित पट्टा मिळावा, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे.

हॉलंड देश आज कालव्याकाठच्या सायकलवाटांसाठी जगभर ओळखला जातो. तेथेही त्या आपोआप झाल्या नाहीत. १९७१ मध्ये तेथे रस्ते अपघातांत सुमारे ३३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आई-वडील रस्त्यावर उतरले, मुलांचे बळी थांबवा म्हणाले आणि सरकारला सायकलसाठी वेगळे रस्ते करायला लावले.

आपणही लिहून मागू शकतो: वस्तीपासून नदीच्या पुलापर्यंत सायकलचा पट्टा, पाटाच्या वाटेवर धोक्याच्या जागी कठडे आणि चढायला पायऱ्या. प्रबुद्धनगर, स्वारबाबानगर अशा वस्त्यांतल्या सह्या एकत्र करून एक अर्ज महापालिकेकडे आणि एक जलसंपदा विभागाकडे द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.

तोपर्यंत या रविवारी एवढे करा. भिंतीची सायकल काढा, पंक्चर काढून घ्या, तेल घाला. विहारात पाच-सहा नावे लिहून घ्या, त्यांत निम्म्या भगिनी असाव्यात. निघण्यापूर्वी प्रत्येकाचे बीपी आणि शुगर वहीत टिपा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. फरक पडला तर वहीच शेजाऱ्यांना सांगेल. फरक पडला नाही तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, उपचार ठरवायला त्यांना उपयोगी पडेल.

जय भीम.