मानोऱ्यात दुर्मीळ कॉफी : पैसा रोपावर घालावा की कपावर?

ऑगस्ट २०२५मध्ये पनामातल्या लिलावात गेशा जातीची कॉफी किलोला ३०,२०४ डॉलर भावाने विकली गेली. त्या वेळच्या दराने किलोला २६ लाख रुपयांच्या वर. अशी बातमी मोबाइलवर फिरली की सोयाबीनच्या भावाने कावलेला माणूस विचारणारच, हे झाड आपल्या वावरात का नको? विदर्भातल्या मानोरा तालुक्यातून हा प्रश्न विचारणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे. शेत म्हणून लावू नका. हौस असेल तर कुंडीत एक रोप वाढवा आणि बाकीचा पैसा चांगली भारतीय कॉफी घरी नीट करून पिण्यावर घाला.

आधी जमिनीचा हिशेब. गेशा ही अरेबिका या कॉफीच्या प्रकारातलीच एक जात. १९३०च्या दशकात इथिओपियातून तिचं बी बाहेर पडलं, केनिया, टांझानिया, कोस्टा रिका असं फिरत पनामात पोचलं आणि २००४च्या तिथल्या स्पर्धेनंतर जगाला तिची चव कळली. अरेबिकाला १,००० ते १,५०० मीटर उंची, १५ ते २५ अंश तापमान आणि १,६०० ते २,५०० मिलिमीटर पाऊस मानवतो. मानोरा ५०० मीटरच्याही खाली, पाऊस हजाराच्या आत, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे. शिवाय कॉफीला ६ ते ६.५ सामूची, किंचित आम्ल, निचऱ्याची जमीन लागते. आपली काळी कपाशीची जमीन विम्लधर्मी. तिच्यात कॉफीची पानं लोहाअभावी पिवळी पडतात. कॉफीचा दुसरा प्रकार रोबस्टा, ती काटक म्हणतात, पण तिलाही किमान हजार मिलिमीटर पाऊस आणि ५०० मीटरच्या वरची उंची हवी.

तरीही शेडनेट उभारून करू म्हणाल, तर कागदावर मांडून बघा. सहा बाय सहा फुटांवर एकरी सुमारे १,२०० रोपं बसतात. रोप ४० रुपयांचं धरलं तर ४८ हजार. हा खर्च किरकोळ आहे. खरा बोजा सावलीचा. शेडनेटगृहाचा खर्च चौरस मीटरला ७०० रुपये धरला, तरी एकराला २८ लाखांच्या घरात जातो. ठिबक, पाणी, मजुरी वेगळी. पहिलं फळ तीन-चार वर्षांनी. देशात अरेबिकाचं सरासरी उत्पादन हेक्टरी ५०० किलोच्याही खाली आहे, म्हणजे एकरी २०० किलो धरणंसुद्धा उदार. कच्च्या बियांना किलोला ८०० रुपये असा उत्तम भाव मिळाला, तरी वर्षाला १ लाख ६० हजार हाती येतात, तेही खर्च वजा न करता. पनामाचा भाव त्या बागेचा, त्या उंचीचा आणि एका छोट्याशा ढिगाचा आहे. रोपासोबत तो विकत मिळत नाही.

म्हणून कोणी ‘रोपं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू’ असा करार घेऊन दारात आला, तर आगाऊ रक्कम देऊ नका. आधी त्याला विदर्भातली तीन वर्षांहून जुनी, फळ धरलेली बाग दाखवायला सांगा. दाखवता आली नाही तर बोलणं तिथेच संपवा.

बाग बघायचीच असेल तर चिखलदऱ्याला जा. कारंजा, अमरावती, परतवाडा करत गाठता येणारं हे ठिकाण १,११८ मीटरवर आहे, आणि महाराष्ट्रातलं कॉफीचं क्षेत्र म्हणून त्याचंच नाव घेतात. आपल्याच विभागातल्या डोंगरावर ते झाड जगतं आणि आपल्या अंगणात का सुकतं, हे तिथली हवा अंगावर घेतली की आकडेमोडीशिवाय कळतं.

कुंडीतल्या हौसेचा खर्च मात्र परवडण्यासारखा. रोप १५० ते ४००, चौदा-सोळा इंची कुंडी ३०० ते ५००, हिरवी जाळी आणि माती धरून पहिल्या वर्षी हजार-दीड हजार. काळी माती टाळा. लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी वाळू घ्या. सकाळचं कोवळं ऊन पुरे. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत कुंडी पूर्वेच्या भिंतीलगत जाळीखाली ठेवा. बी पेरायचं असेल तर ताजंच घ्या, काही महिन्यांत त्याची उगवण जाते. तीन-चार वर्षांनी मोगऱ्याच्या वासाची पांढरी फुलं येतात, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही हे झाड लावावं. फळांची अपेक्षा मोजकी ठेवा. सहा किलो पिकल्या फळांतून एक किलो कच्ची बी निघते आणि भाजताना त्यातलं १५ टक्के वजन उडतं. म्हणजे किलोभर फळं जमली तरी, कपाला १५ ग्रॅम धरून, नऊ कप.

आता कपाकडे. परदेशी गेशा भारतात महाग पडण्याचं एक कारण बाहेरून येणाऱ्या कॉफीवरचं १०० टक्के मूळ सीमाशुल्क. १०० ग्रॅमला २,५०० रुपये पडले तर १५ ग्रॅमचा एक कप ३७५ रुपयांचा. एकदा चवीसाठी चार जणांनी मिळून घ्यावी, एवढंच. त्याऐवजी आपल्याकडची ‘सिलेक्शन ९’ शोधा. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेची ही जात, तिच्यात इथिओपियाच्या ताफारिकेलाचं रक्त आहे. फुलाफळांचा गंध हवा असणाऱ्याला ती आवडते. दूध घालूनच पिणाऱ्यांनी एस-७९५ ही जात, मध्यम ते गडद भाजलेली घ्यावी. हलकी भाजलेली दुर्मीळ कॉफी दुधात घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. चांगल्या भारतीय कॉफीचं २५० ग्रॅमचं पाकीट ४५० ते ८०० रुपयांना घरपोच येतं.

सामानात सगळ्यात जास्त पैसे ग्राइंडरवर घाला. मिक्सरमध्ये काही भाग पीठ होतो, काही जाडा राहतो, आणि कप एकाच वेळी कडू नि आंबट लागतो. हाताने फिरवायचा बरा ग्राइंडर २,५०० ते ६,००० रुपये. वीज गेली तरी चालतो. कॉफी गाळायचा प्लास्टिकचा शंकू ५०० ते ९००, शंभर कागदी गाळण्या ४०० ते ६००, ग्रॅम दाखवणारा काटा ५०० ते १,०००. एकूण चार ते साडेआठ हजार. एवढे घालायचे नसतील तर ३०० ते ६०० रुपयांचा स्टीलचा दक्षिणी फिल्टर घ्या आणि कॉफी विक्रेत्याकडूनच दळून मागवा. दळलेली कॉफी दोन आठवड्यांत संपवा.

पाण्याकडे आपल्याकडे कुणी बघत नाही, आणि बोअरच्या जड पाण्यानेच महागडी कॉफी मातीमोल होते. विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास हवेत. तीनशे रुपयांच्या टीडीएस मीटरने मोजा. आरओचं पाणी फार हलकं असेल तर त्यात थोडं बोअरचं मिसळून आकडा जुळवा.

कृती सोपी आहे. १५ ग्रॅम कॉफी रवाळ दळून शंकूतल्या कागदी गाळणीत घाला. पाणी उकळल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा. आधी ४५ मिलिलिटर ओतून चाळीस सेकंद फुलू द्या, मग हळूहळू एकूण २४० मिलिलिटरपर्यंत न्या. तीन मिनिटांत गळून व्हायला हवी. लवकर गळली, आंबट लागली, तर पुढच्या वेळी बारीक दळा. रेंगाळली, कडवट झाली, तर जाडसर.

२५० ग्रॅममध्ये सोळा कप होतात. ६०० रुपयांचं पाकीट धरलं तर कपाला साडेसदतीस, गाळणीचे पाच धरून साडेबेचाळीस रुपये. रोज एक कप म्हणजे महिन्याला पावणेतेराशे.

पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. भाजल्यापासून आठवडाभरानंतर चव खुलते, त्यामुळे कुरिअर दोन दिवस उशिरा आलं तर बिघडत नाही. मात्र उन्हाळ्यात एकावेळी एकच पाकीट मागवा, घट्ट बंद डब्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको. किराणा दुकानातल्या ‘फिल्टर कॉफी’चं लेबल नीट वाचा. चिकोरी मिसळली असेल तर तसं छापणं बंधनकारक आहे आणि मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. ‘१०० टक्के अरेबिका’ म्हणून घेतलेल्या पाकिटाच्या मागच्या बाजूला चिकोरी सापडली, तर पाकीट आणि बिल जपून ठेवा, दोन्हींचे फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.