कॉलेजास निघालेल्या मुलाची तयारी

दहावीची परीक्षा आटोपली, की घरोघरी फी, ट्रंक आणि अंथरूण ह्यांची चिंता सुरू होते. ती योग्यच होय. परंतु जे मूल आजवर आईच्या हाकेने उठले व तिने वाढलेले जेवले, ते वसतिगृहात आपला सांभाळ कसा करील, ह्याचा विचार क्वचितच होतो. त्यामुळे काही मुले, बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर शरीर खचल्यामुळे व मन एकटे पडल्यामुळे, शिक्षण अर्धवट टाकून परततात. ह्यास्तव आईबापांनी मुलास घरी असतानाच पुढील गोष्टी स्वतः करावयास लावाव्या, अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट झोप. १३ ते १८ वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोप अवश्य आहे. रात्री मोबाईल उशापासून दूर ठेवावा आणि सकाळी आपले आपण उठावे.

दुसरी अन्न. न्याहारी चहाबिस्किटांवर भागवू नये. भाकरी, डाळ, पालेभाजी व शेंगदाणे ह्यांची किंमत मुलांस कळावी. मुलीचे रक्त आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. वयाच्या १५ वर्षांनंतर हिमोग्लोबिन १२ ग्रॅमांहून कमी असेल, तर तिच्या अंगी रक्त कमी आहे असे समजावे. मग तिला थकवा येतो व अभ्यासात लक्ष लागत नाही. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी कमी लागते, हेही तिला सांगावे.

तिसरी आजार. धनुर्वात व घटसर्प ह्यांवरील लस सोळाव्या वर्षी सरकारी दवाखान्यात टोचून घ्यावी. जुलाब झाल्यास ओआरएसची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवावी, हे मुलाकडून एकदा करवून घ्यावे. दमा, सिकलसेल असा जुना आजार असल्यास त्याचे कागद बरोबर द्यावे.

चौथी व सर्वांत नाजूक गोष्ट मन. घराच्या आठवणीने रडू येणे हा दुबळेपणा नव्हे. "तुझ्यासाठी बैल विकला," असे वारंवार ऐकणारे मूल आपले दुःख लपवू लागते. मन फार खिन्न झाल्यास २०२२ साली सुरू झालेल्या सरकारच्या टेलिमानस सेवेस १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य फोन करता येतो. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा.

आणि मुलाचा पहिला फोन आला म्हणजे, आईबापहो, गुणांविषयी विचारण्यापूर्वी, "जेवलास का? झोप लागते का?" असे विचारा. मग तो संकटातही प्रथम तुम्हांसच हाक मारील.