खटला थांबतो, संपत नाही

प्रश्न : माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. मारहाणीच्या गुन्ह्यात तो तुरुंगात आहे. कोर्टात काय चाललंय ते त्याला कळत नाही. तो निर्दोष ठरेल का?

उत्तर : नाही, खटला फक्त थांबेल. गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती हा निराळा बचाव, तो नंतर. आधी वकिलामार्फत वैद्यकीय तपासणीचा अर्ज करा. रुग्णालयात दाखल करण्याची गरज नसेल आणि नियमित उपचारांची, तो कुणाला इजा करणार नाही याची हमी तुम्ही दिलीत, तर अजामीनपात्र गुन्ह्यातही जामीन मिळू शकतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६९). बरा झाला की खटला पुढे चालतो. पाठपुरावा मात्र सोडू नका. आसाममधला एक कच्चा कैदी १९५१ मध्ये आत गेला, तो २००५ मध्ये सुटला! डॉक्टरांनी त्याला कधीच बरा ठरवलं होतं.